बातमी कोणत्या गावची?

पंधरा ऑगस्ट जवळ आला की शकुंतला धावायला लागते. रुळांवर नव्हे, मोबाइलवर. ‘भारतात आजही एक रेल्वे इंग्रजांच्या मालकीची आहे आणि आपलं सरकार त्यांना दरसाल एक कोटी वीस लाख रुपये मोजतं’ असा मजकूर, खाली तिरंगा, वर धूर सोडणाऱ्या गाडीचा फोटो. फोटो बहुतेक वेळा भलत्याच डोंगरातल्या गाडीचा असतो. शकुंतलेच्या यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर तसले कडे नि बोगदे नाहीत, हे त्या गाडीत एकदा बसलेला कोणीही सांगेल. सव्वीस जानेवारीला तोच मजकूर पुन्हा फिरतो. मधले पाच-सहा महिने तो कुठे मुक्कामाला असतो, कोण जाणे.

मी केळापूर तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. सार्वजनिक म्हणजे सरकारी नव्हे. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखालची मान्यता, वर्षाकाठी दोन हप्त्यांत येणारं अनुदान, आणि त्यातच पगार, वीजबिल, पुस्तकखरेदी नि पेपरवाल्याचं बिल. सकाळी दैनिकं टेबलावर लावायची, संध्याकाळी गोळा करून फायलीला लावायची, दाखल नोंदवही लिहायची, थकलेल्या वर्गणीदाराला गोड बोलून आठवण द्यायची, हे माझं काम. पण अलीकडच्या वर्षांत एक काम असं वाढलं, की त्याचा उल्लेख कोणत्याही नियमावलीत नाही. माणसं पेपर वाचायला येतात, चष्मा लावतात, पेपर बाजूला ठेवतात आणि खिशातला मोबाइल माझ्यापुढे धरतात. “मॅडम, हे खरं हाय काय?”

आधी मी हसून टाळत असे. मग लक्षात आलं की ज्या माणसाला खरं-खोटं विचारावंसं वाटतं, तो वाचकच आहे, आणि वाचकाला उत्तर देणं हे ग्रंथपालाचंच काम. तेव्हा एक लाल पुठ्ठ्याची वही केली. काय विचारलं, कुठून आलं, कोणाला विचारलं, उत्तर काय, असे रकाने आखले. विचारणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, हा नियम पहिल्या पानावरच लिहिला. त्या वहीत आणखी एक बारीक रकाना आहे. तो माझा नाही, गुरुजींचा आहे.

गुरुजी म्हणजे आमचे जुने वर्गणीदार, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. मुलाकडे पुण्याला राहायला गेले, तेव्हा महिन्याला एक पत्र लिहायचं, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. फोन आहे की, म्हटलं, तर म्हणाले, फोनवर तू मला बरं वाटेल तेवढंच सांगशील. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर येतं. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना आहे. पोस्टात शिल्लक आहे का, एवढं मात्र खिडकीवर विचारावं लागतं. अक्षर मुंगीएवढं, समास सोडलेला, आणि प्रश्नांना गोल आकडे. खुनी नदीला पाणी किती? बाजार रस्त्यावर भरतो की मैदानात? टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला सोयाबीन किती, कापूस किती?

त्यांची एक अट होती. पत्रातल्या प्रत्येक बातमीपुढे मी एक अक्षर घालायचं. स्वतः पाहिलं असेल तर ‘प’, कोणी सांगितलं असेल तर ‘ऐ’, वाचलं असेल तर ‘वा’. ‘ऐ’ असेल तर ज्यानं सांगितलं त्यानं पाहिलं होतं का, तेही कंसात. शिक्षकी खोड, दुसरं काय! पण महिना-दोन महिने तसं लिहून बघा. आपल्याला जे जगाबद्दल ठाऊक आहे असं वाटतं, त्यात ‘वा’च ‘वा’ निघतात, आणि त्यातले निम्मे कुणाचा तरी ‘ऐ’ असतात. ‘प’ हाताच्या बोटांवर. तोच रकाना मी लाल वहीत घेतला.

शकुंतलेची नोंद त्या वहीत अशी आहे. वा: ही रेल्वे ज्या पेढीची, ती किलिक निक्सन १८५७ साली मुंबईत निघाली, मालक तेव्हा इंग्रज, स्वातंत्र्यानंतर भारतीय उद्योजकांच्या हाती गेली. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे आणि तिथून मँचेस्टरला नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही अरुंद मार्गाची लाइन पडली. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर. वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ ला थांबलं, मग डिझेल आलं. ऐ (सांगणाऱ्यानं पाहिलेलं): दारव्ह्याकडचे एक वाचक सांगतात की गार्डच उतरून तिकिटं फाडायचा, फाटकही तोच बघायचा, आणि चढावर पोरं उतरून गाडीच्या बाजूनं चालायची. प: दारव्ह्याजवळ गवतात बुडालेले रूळ. गाडी यवतमाळात येऊन कित्येक वर्षं झाली, हे यवतमाळात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. राहिली रॉयल्टी. तिच्या बातम्या पाहिल्या तर एकीवरून दुसरी उतरवलेली. करार किंवा पावती कोणी दाखवत नाही. आणि मालकी इंग्रजांची ‘आजही’ आहे हे तर किलिक निक्सनच्या इतिहासाशीच जुळत नाही.

गंमत अशी की जिल्ह्यात रेल्वेची खरीखुरी बातमी झाली ती २८ फेब्रुवारी २०२४ ला. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गातला वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला, ब्रॉडगेज. एवढी वर्षं नकाशावर रेघ पाहत बसलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत गाडी कळंबला आली. ती बातमी मोबाइलवर आली म्हणून मला कोणी आणून दाखवली नाही. तीत इंग्रज नव्हते ना!

पण इंग्रजांच्या रेल्वेनं कोणाचं नुकसान होत नाही. कापसाच्या भावानं होतं.

२०२५ च्या हंगामात दसऱ्यानंतर पाटणबोरीकडचा एक शेतकरी आला. वाचनालयाचा सभासद नाही, पण त्याचा मुलगा आमच्या अभ्यासिकेत पोलिस भरतीचा अभ्यास करतो. त्यानं मोबाइलवर एका खरेदीपट्टीचा फोटो दाखवला. वजन, आडत, हमाली, सगळं बरोबर, आणि भावाच्या रकान्यात बारा हजारांच्या वरचा आकडा. वर कोणीतरी लिहिलेलं, ‘आजचा भाव, कापूस घरातच ठेवा.’ घरात पंचवीसेक क्विंटल कापूस. “ठेवू का इकू, एवढंच सांगा.”

ठेवू का विकू हे सांगणारी मी कोण? पण पट्टी कोणत्या दिवसाची, हे सांगता येत होतं. फोटो मोठा करून पाहिला तर वरची कड बरोबर तारखेच्या खाली कापलेली. व्यापाऱ्याचं नाव नाही, बाजार समितीचंही नाही. मी त्याला फायलींच्या कपाटाकडे नेलं. २०२२ च्या एप्रिल-मेची फाइल काढली, दोघांनी मिळून शेतीच्या पानावरून बोट फिरवलं. त्या उन्हाळ्यात विदर्भात कापसानं बारा हजारांची पायरी ओलांडली होती, ती बातमी ठळक अक्षरांत सापडली. मग चालू फाइल. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. केंद्रानं १९ ऑगस्टपासून कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क काढलेलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. बाहेरचा कापूस बिनशुल्क आत येत असताना इथं बारा हजार कोण देणार? हा शेवटचा प्रश्न मी विचारला नाही, त्यानंच विचारला. फायलीवर बोट ठेवून दोनदा वाचलं आणि म्हणाला, “म्हंजे हे तीन सालाआधीचं पान हाय.”

त्याच दुपारी त्याच्या मुलानं सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस देण्यासाठी लागणारी ‘कपास किसान’ अ‍ॅपवरची नोंदणी करून दिली. सातबारा, आधार, पीकपेरा असं सगळं चढवायला नेट तीनदा गेलं. पुढे त्यानं कापूस कधी विकला, ते मला माहीत नाही. शेतकऱ्याला कापसाचे पैसे किती आले हे विचारू नये, एवढी रीत मला ठाऊक आहे.

खोट्यापेक्षा अर्धं खरं जास्त त्रास देतं. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी इथं पल्स पोलिओच्या दिवशी बारा बालकांना डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. हे घडलं होतं, जगभरच्या माध्यमांत छापून आलं होतं. पण आमच्या तालुक्यात पोहोचेपर्यंत त्याचं ‘पोलिओच्या डोसात विष’ झालं. घाटंजी आमच्या शेजारचा तालुका, तरीही बातमी आम्हाला दिल्ली-मुंबईला वळसा घालून मोबाइलवर मिळाली. एक बाई नातवाला कडेवर घेऊनच आल्या. पुढच्या खेपेला बूथवर न्यायचं की नाही, हा त्यांचा प्रश्न. मी घाटंजीकडच्या एका ओळखीच्या आशाताईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्या गावच्या नव्हत्या, पण त्यांचं तालुक्यात येणं-जाणं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं: औषध वाईट नव्हतं, बाटली चुकली, मुलांना यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात ठेवलं आणि ती सावरली, कामावर असलेल्यांवर कारवाई झाली. आजींनी सगळं ऐकून एकच विचारलं, “बाटलीवर नाव लिहिलं असते ना?” पुढच्या खेपेला त्या बूथवर गेल्या आणि बाटलीवरचं नाव वाचून दाखवायला लावलं, हे त्यांनीच येऊन सांगितलं. वहीत ते ‘ऐ’ खाली आहे. मला ते कोणत्याही फॅक्ट-चेकपेक्षा मोलाचं वाटतं.

आता वाघीण. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे मला एका मुलीच्या पत्रांबद्दल लिहावं लागेल.

ती आमच्या बालविभागातून पुस्तकं नेणारी मुलगी. नागपूर, मग बंगळूर, मग अमेरिका. दिवाळीला आली की वाचनालयात येऊन जाते, एरवी ई-मेल. २०१८ च्या सप्टेंबरात तिचा मेल आला: मॅडम, आपल्याकडे एका वाघिणीला गोळी घालणार आहेत, तिला दोन पिल्लं आहेत, सोबतच्या अर्जावर सही करा आणि वाचकांच्याही घ्या. अर्ज इंग्रजीत होता, वाघिणीचं नाव अवनी. आमच्या टेबलावर हे नाव तोवर कोणी उच्चारलं नव्हतं. वनखात्याच्या कागदावर ती टी-१, आणि राळेगाव-पांढरकवड्याच्या गावांत नुसती ‘वाघीन’.

मी सही केली नाही आणि नकारही कळवला नाही. गुरुजींच्या अटीनं पत्र लिहायला घेतलं. मंगळवारच्या बाजाराला बोराटीच्या बाजूची एक बाई भाजी घेऊन बसते, तिच्याकडे जाऊन बसले. मोबाइलवरचा वाघिणीचा फोटो तिला दाखवला. तिनं तो बराच वेळ पाहिला. “चांगली हाय दिसाले,” म्हणाली. मग मेथीच्या जुड्या लावता लावता सांगत गेली. कापूस फुटलाय पण वेचायला बाया येत नाहीत. आल्या तर दहा-बारा मिळून येतात, दोन गडी काठ्या घेऊन कडेला उभे राहतात, त्यांची मजुरी वेगळी. उन्हं कलली की घरी. रात्रीची वीज आली तरी मोटर सुरू करायला कोणी वावरात जात नाही. “त्या पोरीले म्हना, एक दिवस माह्या वावरात येऊन कापूस येचून दाखव. मंग मी बी सही करतो तिच्या कागदावर.”

हे सगळं मी जसंच्या तसं लिहून पाठवलं, ‘ऐ, सांगणारीनं पाहिलेलं’ असं लिहून. खाली ‘वा’: दोन वर्षांत तेरा माणसांचे बळी या वाघिणीच्या नावावर, सगळे तिचेच का, यावर वाद आहे, सर्वोच्च न्यायालयानं ११ सप्टेंबरला वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप केला नाही. आणि ‘प’: आमच्या बाजारात त्या महिन्यात संध्याकाळी पाचलाच खेड्यापाड्यांची माणसं उठून जायला लागली होती.

तिचं उत्तर लगेच आलं नाही. आलं तेव्हा त्यात सहीचा विषय नव्हता, प्रश्न होते. चराईला दुसरी जमीन का नाही? वाघ टिपेश्वर सोडून गावांकडे का राहिला? तिनं तिथल्या पेपरात वाचलं होतं, की वाघिणीला ओढण्यासाठी परदेशी अत्तर शिंपडताहेत, ते खरं का? ते खरं होतं, वा. पॅराग्लायडर आणला होता, शिकारी कुत्रे आणले होते, हत्तीही. पण त्यातला एक हत्ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला साखळी तोडून पळाला आणि राळेगाव तालुक्यातल्या चहांद इथं त्यानं एका बाईचा जीव घेतला, हे तिच्या वाचनात आलं नव्हतं. मी कळवलं, तेव्हा तिनं एका ओळीचं उत्तर पाठवलं: मग त्या बाईसाठी अर्ज कोणी काढला?

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ वाघीण मारली गेली. खेड्यांत फटाके फुटले, शहरांत निषेध झाले. दिल्लीत बसलेल्या केंद्रीय मंत्र्यांनी मुंबईतल्या वनमंत्र्यांवर उघड टीका केली. आमच्या टेबलावर दोन दिवस एवढा आवाज होता की मला पेपर वाचा, बोलू नका, अशी पाटी उचलून दाखवावी लागली. बाजारातल्या बाईला सुटल्यासारखं झालं होतं, ते मी पाहिलं. पण गोळी रात्रीच्या अंधारात का घातली, बेशुद्ध करण्याचा प्रयत्न नीट झाला का, हे प्रश्नही खरे होते. व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीनं पुढे कार्यपद्धती मोडल्याचा ठपका ठेवला, तेही मी अमेरिकेला कळवलं. एका बाजूचंच लिहायचं तर पत्र कशाला, अर्जच पुरे होता.

यातली शेवटची बातमी मात्र मला तिच्याकडून कळली. वाघिणीचं मादी पिल्लू त्याच डिसेंबरात पकडून पेंचला ठेवलं होतं. मार्च २०२१ मध्ये त्याला जंगलात सोडलं आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या वाघाशी झालेल्या झटापटीनंतर ते मेलं. आमच्याकडे तेव्हा कोरोनाशिवाय दुसरा विषय नव्हता. अवनीवर रान उठवणारे फोनही गप्प होते. एवढ्या लांब बसून ती एकटी मुलगी त्या पिल्लाची बातमी शोधत राहिली होती.

अशा वेळी नेटची किंमत कळते. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग ते निमंत्रण मागे घेतलं. साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. ११ जानेवारीला उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, त्या आमच्याच जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या. अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या. या सगळ्यावर वाचनालयात दोन तट पडले, ते पडणारच. पण सहगलांचं न झालेलं भाषण मराठीत अनुवाद होऊन तोवर मोबाइलवर आलं होतं, आणि वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते पूर्ण वाचलं होतं. मी ते छापून घेतलं, कोपऱ्यात टाचलं आणि वाचनकक्षात ठेवलं. वर लिहिलं: आधी हे, मग वाद. तीन-चार दिवसांत कागदाच्या कडा मळल्या. मतं फारशी बदलली नाहीत, पण ‘त्या असं म्हणाल्या म्हणे’ हे बंद झालं. दोन्ही तटांची माणसं पानाचा आकडा सांगून भांडायला लागली. मला तेवढं पुरेसं होतं.

म्हणून माझं असं मत झालं आहे की बातमी भाजीसारखी ताजी घ्यायची वस्तू नव्हे, निदान मोबाइलवरची तरी नव्हे. मी फोनवरच्या बातम्यांच्या सूचना बंद करून टाकल्या आहेत. सकाळी टेबलावर आजच्या पेपराच्या शेजारी कालचा ठेवते आणि आधी कालचा वाचते. काल जे ‘होणार’ होतं ते झालं का, ते आज कुठल्या पानावर आहे, किंवा कुठेच नाही, हे बघण्यात फार शिकायला मिळतं. व्हिडिओ आला तर आधी गाव विचारते. गावाचं नाव नसलेला व्हिडिओ मी पुढे पाठवत नाही, कितीही रडू येवो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भटक्या माणसांना जमावानं ठार मारलं. त्याच्या आसपास आमच्याही बाजारात असलेच व्हिडिओ फिरत होते, आणि नाथपंथी, बहुरूपी आमच्याकडेही दरसाल येतात. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच तरी कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

ताज्याचं हे असं, पण जुन्याच्या बाबतीत नेटसारखं दुसरं ग्रंथालय नाही. आमच्या जिल्ह्याचं १९०८ चं इंग्रजी गॅझेटिअर आमच्या कपाटात नव्हतं, यवतमाळला जाऊन बघावं एवढी सवड नव्हती. एका पावसाळी दुपारी, वाचनकक्षात चिटपाखरू नसताना, ते इंटरनेट अर्काइव्हवर सापडलं, पानापानाचं स्कॅन, फुकट. युक्ती एवढीच की आजच्या स्पेलिंगनं शोधलं तर ते सापडत नाही; इंग्रजांचं वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल घालावं लागतं. त्याच्याही मागे जायचं तर वणीच्या नावानं शोधायचं, कारण १९०५ पर्यंत या जिल्ह्याला वणी जिल्हाच म्हणत. वऱ्हाडचं १८७० चं लायलचं गॅझेटिअरही तिथेच आहे. अभ्यासिकेतली पोरं स्पर्धा परीक्षेसाठी तासन्‌तास रील बघून सामान्यज्ञान गोळा करत होती, त्यांना हे उघडून दिलं. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल? प्रत्येकानं आपापल्या गावचं नाव शोधलं. ज्याचं गाव सापडलं तो दिवसभर सांगत होता, ज्याचं नाही सापडलं तो गॅझेटिअरवर रागावला.

मीही गुरुजींना ही शोधाची गोष्ट कौतुकानं कळवली. पोस्टकार्डावर उत्तर आलं: हे साहेबानं पाहिलेलं यवतमाळ. आपल्या माणसानं पाहिलेलं कुठे आहे?

कुठे आहे? शोधलं तर फारसं नाही. जिनिंगच्या हिशेबपट्ट्या, शकुंतलेची पुठ्ठ्याची तिकिटं, सासरी गेलेल्या मुलीनं माहेरी धाडलेली अंतर्देशीय पत्रं, जंगल सत्याग्रहात पुसदला गेलेल्या आजोबांची कार्डं, कापूस एकाधिकार खरेदीच्या काळातल्या पावत्या, यातलं काहीच नेटवर नाही. ते घराघरातल्या पत्र्याच्या पेट्यांत आहे, आणि घर बांधायला काढलं की रद्दीवाल्याकडे किलोवर जातं. आपली ‘प’ची नोंद अशी जाते, मग शंभर वर्षांनी कोणी शोधायला बसलं की हाती फक्त साहेबाचं गॅझेटिअर आणि तारीख कापलेला फॉरवर्ड.

तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या, आणि जिल्ह्याबाहेर गेलेल्या आपल्या लोकांना एक विनंती. घर झाडताना असा कागद निघाला तर जवळच्या कोणत्याही वाचनालयात घेऊन या. मूळ कागद तुमचाच राहील. आम्ही मोबाइलवर फोटो काढू, तारीख नि गाव लिहून घेऊ, आणि कागद तुमच्या हातात परत देऊ. खाजगी मजकूर असेल तर तो झाकून फोटो घेता येतो. फक्त येताना घरातल्या कोणा जाणत्या माणसाला विचारून या, की हे कोणी लिहिलं, कुठून, आणि तेव्हा त्यांनी ते स्वतः पाहिलं होतं का.